अप्पांची निळी अँबेसेडर

नांदेड
१२ नोव्हेंबर २०२४

चि. बुद्धप्रिया,
सप्रेम जयभीम.

मंजुषा गेली. मार्चच्या एकोणीस तारखेला. तुला कळवलं नाही.

मुद्दाम लपवलं असंही नाही. कळवायचं डोक्यातच आलं नाही. तुझी वहिनी आणि तू एकमेकींशी बोलत होता हे मला माहीत नव्हतं. परवा कपाटात तिचा मोबाईल सापडला, तो चार्जिंगला लावला. त्यात ‘लातूर टेलर’ नावाचा एक नंबर होता. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अर्धा अर्धा तास बोलणं. नांदेडात इतके टेलर असताना लातूरचा कशाला म्हणून उघडून पाहिलं, तर फोटोत तू आणि श्रीपादराव. शेवटचं बोलणं तीन मार्चचं. एकवीस आणि बावीस मार्चला तुझे कॉल येऊन गेलेले, कुणी उचलले नाहीत. नंतर फोनच बंद पडला असेल.

मला फोन करणं जमणार नाही. नऊ वर्षांपूर्वी अप्पांच्या अंत्यविधीला तू आली होतीस, लिंबाखाली एकटी उभी राहिली होतीस. मी तुला साधं पाणी विचारलं नाही. आता एकदम फोन करून काय बोलू? म्हणून पत्र. पत्ता तिच्याच वहीत मिळाला.

तिचं लिव्हर गेलं होतं. पाच मार्चला दवाखान्यात नेलं, पंधरा दिवस होती. शेवटच्या दिवशी सकाळी तिनं केस विंचरून द्या म्हटलं. नर्सनं विंचरले. मी औषध आणायला खाली गेलो होतो. वर आलो तेव्हा झालं होतं. केस नीट विंचरलेले होते.

मला रडू आलं नाही. लोक माझ्या तोंडाकडं बघून राहिले होते. वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, जेवणं झाली. जुलैत आयटीआयमधून निवृत्त झालो, पोरांनी हार घातला, भाषणं झाली, तेव्हाही तसंच. दात काढायच्या आधी सुई देतात ना, मग गालाला हात लावला तर दुसऱ्याच्याच गालाला लावल्यासारखं वाटतं. तसं आहे. दुखत नाही.

दुसरं सांगायचं म्हणजे, अप्पांची गाडी काढली आहे. तीच निळी अँबेसेडर, अठ्ठ्याहत्तर सालची. मागच्या सीटवर बसून तू त्यांच्यासोबत देवणी भागातल्या गावांत जायचीस, ते जनावरं तपासायचे आणि तू सुयांचा डबा धरायचीस. बारा वर्षं ती आपल्या आवारात ताडपत्रीखाली उभी होती. ऑगस्टमध्ये शेजारचे अण्णाराव म्हणाले, “सर, तुमच्या गाडीखाली मुंगूस राहून राहिलंय. एकदा काय ते करा.” म्हणून ताडपत्री काढली. चारही टायर जमिनीला चिकटलेले. दार उघडलं तर बिजागरीसकट हातात आलं. खालचा पत्रा इतका सडलेला, की ड्रायव्हरच्या सीटवर बसल्यावर पायाखाली गवत दिसतं.

सकाळी सातला लागतो, बारापर्यंत करतो. मग चारपासून पुन्हा. दिवस जातो.

श्रीपादरावांना नमस्कार.

तुझा दादा,
संघपाल


नांदेड
१ डिसेंबर २०२४

चि. बुद्धप्रिया,
सप्रेम जयभीम.

तुझं उत्तर नाही. यावं असं काही नाही. मी लिहितो, कारण गाडीचं कुणाला तरी सांगावं वाटतं आणि या गाडीत बसलेली आता आपण दोघंच आहोत.

पत्र्याचं काम मला जमत नाही. आयुष्यभर पोरांना इंजिन शिकवलं, डेंटिंग नाही. उदगीरहून मडिवाळप्पा म्हणून एक डेंटर आला आहे. साठीला आलेला आहे, कमी बोलतो. त्यानं आधी गाडीभोवती एक चक्कर मारली, नखानं ठिकठिकाणी टोकरलं आणि विचारलं, “ही ढोराच्या डॉक्टरसायबाची गाडी न्हाई का?”

मी हाव म्हटलं.

तो म्हणाला, “आमच्या बैलाचं पोट फुगलं होतं. मी दहा-बारा वर्षांचा असंन. चिखलात गाडी येईना म्हणून सायेब पांदीतून चालत आले. बैल वाचला. मग माझ्या बापानं त्यांना वरून पाणी ओतायला तांब्या आणला. सायेब म्हणले, तांब्या खाली ठेवा. बापानं ठेवला. सायबांनी सोता उचलला न् तोंड लावून प्याले. पुढल्या खेपेला बापानं पेला आणला, न् सोता हातात दिला.”

हे अप्पांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. तुझ्या लग्नाच्या वेळी ते एवढंच म्हणाले होते, “बामणाच्या घरी तिचा पेला वेगळा ठेवतील. मला ते बघायचं न्हाई.” मला तेव्हा वाटलं ते बोलायचं म्हणून बोलतायत.

मडिवाळप्पानं सडलेला पत्रा कापून काढला. नवा पत्रा ठोकून, गॅसवर जोडून आता खालची बाजू पक्की झाली आहे. दारांना खालून तीन तीन बोटं पट्टी लावली. मी घासतो. पॉलिश पेपर पाण्यात बुडवायचा आणि घासायचं. आधी गंजाचं लाल पाणी येतं, मग निळं, मग पांढरं, मग लोखंड दिसतं. बोटांची टोकं सोलली आहेत. रक्त दिसतं तेव्हाच कळतं.

इंजिन जाम होतं. प्लग काढून भोकांतून डिझेल ओतून ठेवलं होतं, पंधरा दिवस. नंतर पुढून हँडल घालून रोज थोडं थोडं हलवून बघत होतो. गेल्या मंगळवारी अर्धा फेरा फिरलं, बुधवारी पूर्ण. मडिवाळप्पानं प्लगच्या भोकावर अंगठा धरला आणि मला हँडल मारायला लावलं. हवेच्या दाबानं त्याचा अंगठा बाजूला फेकला गेला, म्हणजे इंजिनात दम होता.

“बंद कशानं पडली होती?” त्यानं विचारलं.

“इंजिन गेलं होतं,” मी म्हणालो.

“न्हाई सर. हे गेलेलं इंजिन न्हाई. हे नुसतं उभं राहून राहून जाम झालंय.”

मग त्यानं डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली. टोपीखाली एक लहान काळा तुकडा असतो, रोटर म्हणतात. अंगठ्याएवढा. तो फिरला की चारही प्लगांना पाळीपाळीनं ठिणगी जाते. तो नसला तर इंजिन कितीही चांगलं असलं तरी गाडी चालू होत नाही. तो तिथं नव्हता.

“रोटर कुठं हाय?” मडिवाळप्पा म्हणाला.

“पडला असेल कुठंतरी,” मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि टोपी परत बसवली. “रोटर आपोआप पडत न्हाई, सर,” एवढंच म्हणाला, आणि चहा प्यायला गेला.

तुझा दादा,
संघपाल


नांदेड
२२ डिसेंबर २०२४

चि. बुद्धप्रिया,
सप्रेम जयभीम.

रोटर माझ्याकडं होता. माझ्या हत्यारांच्या पेटीत, तळाशी, फडक्यात गुंडाळलेला. मीच काढला होता.

२०१२ च्या मार्चमध्ये. तुझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती. अप्पा बहात्तर वर्षांचे होते. त्यांनी तुझ्याकडं यायचं ठरवलं होतं. रविवारी सकाळी निघणार होते, एकटे, स्वतः गाडी चालवत. शनिवारी ते वाचनालयात गेले असताना मी बॉनेट उघडून रोटर काढला. दोन मिनिटांचं काम आहे. मी पोरांना दरवर्षी हेच करायला लावायचो. रोटर काढून ठेवायचा आणि सांगायचं, शोधा बिघाड कुठं आहे.

रविवारी अप्पा सहालाच तयार होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन. मंजुषानं धपाटे बांधून दिले होते. त्यांनी चावी फिरवली. स्टार्टर फिरला, गाडी लागली नाही. पुन्हा फिरवली. मग मला हाक मारली. मी बॉनेटमध्ये डोकं घातलं, थोडं इकडंतिकडं केलं आणि सांगितलं, “अप्पा, इंजिन गेलंय. आता ही दुरुस्त होण्यातली न्हाई.”

ते स्टिअरिंग धरून बसून राहिले. मग म्हणाले, “बरं.” उतरले, दार हळूच लावलं, डबा मंजुषाच्या हातात दिला.

त्यानंतर त्यांनी गाडीचं नाव काढलं नाही. मी एकदाही बॉनेट उघडलं नाही. २०१५ मध्ये ते गेले. म्हणजे तुला न भेटताच गेले, आणि ते माझ्यामुळं. तुला आजवर वाटत असेल की त्यांना यायचंच नव्हतं. त्यांना यायचं होतं. हे तुला कळायला पाहिजे, म्हणून लिहितो.

मी का केलं तेही लिहितो. त्यांना मोतीबिंदू झाला होता. समोरून येणारा ट्रक त्यांना उशिरा दिसायचा. लातूरपर्यंतचा रस्ता तेव्हा खराब होता. कुठं काही झालं असतं तर लोकांनी मलाच विचारलं असतं. त्यांना सरळ नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती, म्हणून गाडीला नाही म्हणायला लावलं.

हे लिहिताना अक्षर बिघडेल असं वाटलं होतं. नाही बिघडलं. बघ, सरळ आहे.

रोटर परत बसवला. प्लग, पॉइंट नवे घातले, कार्बोरेटर धुतला. गुरुवारी दुपारी गाडी सुरू झाली. सायलेन्सरमधून आधी पालापाचोळा उडाला, मग काळा धूर. अण्णाराव, मडिवाळप्पा, गल्लीतल्या दोन-तीन बाया, सगळे खूश झाले. मी गाडी बंद केली आणि हात धुतले.

तुझा दादा,
संघपाल


लातूर
५ जानेवारी २०२५

दादा,
जयभीम.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. पहिलं वाचलं आणि दोन दिवस शाळेत गेले नाही. वहिनीचा फोन बंद लागायला लागला तेव्हा मला वाटलं, तुला कळलं आणि तू तिचा फोन काढून घेतलास. आठ महिने मी मनातल्या मनात तुला शिव्या देत होते, आणि ती नव्हतीच. गल्लीतल्या लोकांना जेवायला बोलावलंस दादा, मला एक ओळ नाही कळवली. गाडीपेक्षा मला याचा जास्त राग आहे, हे आधीच सांगते.

आता अप्पांचं. ते मला भेटले नाहीत असं तू धरून चालला आहेस. ते आले होते. तीनदा. बसनं.

पहिल्यांदा त्याच वर्षी, एप्रिलमध्ये. तुला उदगीरला जुन्या मित्राकडं जातो म्हणून सांगितलं होतं. वहिनीला माहीत होतं. बसमध्ये बसायला जागा मिळाली नव्हती, अहमदपूरपर्यंत उभे होते. पायांवर सूज आली होती. श्रीपादच्या आईनं त्यांना पाणी दिलं, ती स्वतः ज्या पेल्यात पिते त्याच पेल्यात. अप्पांनी पेला हातात धरून पाहिला, माझ्याकडं पाहिलं आणि प्याले. मग मला म्हणाले, “माझं चुकलं, बाई.” मी त्यांचे पाय दाबत बसले.

मी विचारलं, “गाडीनं का नाही आलात?” ते म्हणाले, “संघपाल म्हणतो इंजिन गेलंय. तो म्हणतो तर गेलं असंल.” आणि हसले. तेव्हा मला त्या हसण्यात काही दिसलं नाही. तुझं पत्र वाचल्यापासून ते हसणं डोळ्यांपुढून जात नाही. तीस वर्षं ती गाडी चालवली त्यांनी, आडरानात बिघडली तर स्वतः दुरुस्त करायचे. त्यांना कळलं नसेल असं तुला वाटतं का?

निघताना म्हणाले, “मी इथं आल्तो हे संघपालला सांगू नको. त्याला वाईट वाटंल.” तिन्ही वेळेला हेच. म्हणून मी अंत्यविधीलाही बोलले नाही.

माफ केलं असं मला लिहिता येत नाही. नाही केलं असंही लिहावंसं वाटत नाही. पण मोतीबिंदूचं मला सांगू नकोस. वहिनी मला सगळं सांगायची. अप्पांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन त्या वर्षी जानेवारीतच झालं होतं. मार्चमध्ये त्यांना बसची पाटी लांबून वाचता येत होती.

तू ये. गाडी घेऊन ये नाहीतर कशानंही ये. वहिनीचे ते पंधरा दिवस मला तोंडानं सांग. कागदावर नको.

बुद्धप्रिया


नांदेड
१० फेब्रुवारी २०२५

चि. बुद्धप्रिया,
सप्रेम जयभीम.

काल तुमच्या घरी तू म्हणालीस, आता पत्रं पुरे, फोन करत जा. करीन. पण हे तुझ्या तोंडावर बोलता आलं नाही आणि फोनवरही येणार नाही.

काल मी मंजुषाचं सगळं तुला सांगितलं. दवाखान्यातला पलंग, तिची पिवळी पडलेली नखं, नर्स, सगळं. तू रडत होतीस, श्रीपादराव उठून आत गेले. मी सांगत होतो, जसं वर्गात एखादा भाग शिकवावा तसं. मग तू विचारलंस, “दादा, गाडी का बंद पाडलीस रे?” मी चहाचा कप उचलला. तू पुन्हा विचारलं नाहीस. बाहेर आलीस, गाडीत बसलीस, दार लावून घेतलंस आणि बराच वेळ आत एकटी राहिलीस. मी फाटकापाशी उभा होतो.

डोळ्यांचं कारण खोटं होतं. खरं कारण असं आहे.

१९९६ मध्ये मीही अप्पांना एक नाव सांगितलं होतं. तू बारावीत होतीस, तुला कळू दिलं नाही. भार्गवी. आमच्या आयटीआयच्या ऑफिसात होती, कंधारची. अप्पांनी तेव्हाही पेल्याचंच कारण दिलं. म्हणाले, “न्हाई.” मी पुन्हा विचारलं नाही. तिनं बदली करून घेतली. दोन वर्षांनी अप्पांनी मंजुषाचं स्थळ आणलं, मी हो म्हटलं.

त्यानंतर दहा वर्षांनी तू तेच विचारलंस. ते तुलाही नाही म्हणाले, आणि तू निघून गेलीस. मला राग आला असं सगळ्यांना वाटलं. राग नव्हता. मला वाटलं, हे असंही करता येतं?

मग २०१२ च्या मार्चमध्ये एकदा जेवताना ते म्हणाले, “पोरीच्या बाबतीत मी चुकलो. जाऊन सांगून येतो.” मी भाकरी मोडत होतो. माझ्या मनात एवढंच आलं, की मग माझं काय? मी ऐकलं त्यांचं. त्यांच्याजवळ राहिलो, त्यांना दवाखान्यात नेलं, आणलं. आणि ज्यानं ऐकलं नाही त्याच्याकडं ते निघाले होते. ‘तुझंही चुकलंच संघपाल’ असं एकदा म्हणाले असते, तर मीच त्यांना गाडीत घालून तुझ्याकडं आणलं असतं. म्हणाले नाहीत. विसरले असतील. मी आठवण करून दिली नाही. मंजुषा समोर बसून वाढत होती, आठवण देणार कशी?

तिला भार्गवीचं नाव माहीत होतं. लग्नाआधीच कुणीतरी सांगितलं होतं. तिनं कधी विचारलं नाही. मी तिच्याशी वाईट वागलो नाही, बुद्धप्रिया. पण चांगला वागलो असंही म्हणता येत नाही. सव्वीस वर्षं मी घरात हजर असायचो, एवढंच. तिनं तुझं नाव टेलर म्हणून ठेवलं, कारण या घरात खरं नाव घेतलं तर कोण कसा वागेल ते तिला ठाऊक होतं. ती गेल्यावर मला रडू आलं नाही याचं मला नवल वाटायचं. आता वाटतं, मी तिच्याबाबतीत कधी जागाच नव्हतो, तर जाग कुठून येणार?

हे एवढंच लिहून पाकीट बंद करणार होतो. पण काल घरी पोचल्यावर एक झालं, ते लिहितो.

तुमच्याकडून तीनला निघालो. चाकूरला एकदा पाणी घातलं, बाकी गाडी नीट चालली. लोह्याच्या पुढं सूर्य कलला. गल्लीत शिरलो तेव्हा दिवे लागायची वेळ होती. आमचं फाटक अरुंद आहे, गाडी मागं घेऊनच आत घालावी लागते. डाव्या हाताला उघडी नाली. मी गाडी आडवी केली, रिव्हर्स टाकला, मान वळवली आणि हाक मारली, “मंजुषा, नाली बघ गं जरा.”

आणि थांबलो. ती चपला घालून बाहेर येईल आणि ‘येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या’ म्हणेल, म्हणून ब्रेकवर पाय ठेवून थांबलो. घरात अंधार होता. मला वाटलं हिनं अजून लाईट का लावला नाही. मी पुन्हा हाक मारली. जरा मोठ्यानं.

मग कळलं. अकरा महिन्यांनी कळलं.

मला आवाज आवरेना. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं, तर हॉर्न वाजायला लागला, म्हणून डोकं बाजूला घेतलं आणि दाराला लावलं. गाडी अर्धी रस्त्यात होती, इंजिन चालू. मागं एक ऑटो येऊन थांबला. ऑटोवाला ओरडून राहिला होता, “काका, घ्या ना आत.” मला घेता येईना.

अण्णाराव बनियनवरच बाहेर आले. त्यांनी खिडकीतून माझ्याकडं बघितलं. हात आत घालून चावी फिरवली, इंजिन बंद केलं. मग ऑटोवाल्याकडं गेले.

“दुसऱ्या गल्लीनं जा बाबा,” ते म्हणाले. “सरांना टाइम लागंल.”

तुझा दादा,
संघपाल